टर्मिनल उघडेना, म्हणून मी अख्खं उबुंटू पुसलं

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. सांगलीच्या विश्रामबागेत चौघांत एक खोली आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम, उबुंटू २०.०४. एका व्हिडिओत पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) ३.९ लागेल असं सांगितलं होतं. ते टाकलं, आणि वर आगाऊपणा करून सिस्टीमचं मुख्य पायथॉनही तेच करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीच्या आयकनवर, क्लिक केलं तर कर्सर थोडा वेळ गोल फिरला आणि गप्प झाला. ना खिडकी, ना एरर. दहा वेळा क्लिक केलं, लॅपटॉप बंद-चालू केला, शेवटी पेनड्राइव्ह लावून उबुंटू नव्याने टाकलं. डेस्कटॉपवरचा प्रोजेक्ट त्यात गेला. त्या संध्याकाळी हरिपूरच्या संगमावर बराच वेळ नुसता बसून होतो.

खरं कारण पुढे दोन वर्षांनी नोकरीत कळलं. उबुंटूच्या त्या आवृत्तीत टर्मिनलच्या आयकनमागे आधी एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट चालते, मग खरा प्रोग्राम सुरू होतो. २०.०४ सोबत येतं पायथॉन ३.८, आणि त्या स्क्रिप्टला लागणारं 'जीआय' (gi) नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा तुकडा, ३.८ साठीच बांधलेलं असतं. मी मुख्य पायथॉन बदलल्यावर स्क्रिप्ट पहिल्याच इम्पोर्टला, म्हणजे ते मॉड्यूल आत घेतानाच, आपटत होती. एरर येत होता, फक्त तो दिसायला जागा नव्हती. मुख्य पायथॉन परत ३.८ केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. नवं पायथॉन हवंच असेल तर ते शेजारी राहू द्या आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये, म्हणजे प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या कप्प्यात, वापरा. सिस्टीमच्या पायथॉनला हात लावू नका.

"पण टर्मिनलच नाही तर दुरुस्ती करायची कुठून?" हे मला पोरं हमखास विचारतात. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. काळी स्क्रीन येते, लॉगिन विचारते. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, घाबरू नका. इथे टर्मिनलच्या प्रोग्रामचं नाव (gnome-terminal) टाइप केलं की तो दडलेला एरर समोर येतो. डेस्कटॉपवर परतायला बहुधा एफ-२, नाहीतर एफ-१.

दुसरा प्रकार वेगळा: खिडकी उघडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटते. इथे टर्मिनल ठणठणीत असतं, आतली शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, मरते. शेल सुरू होताना तुमच्या होम फोल्डरमधली बॅशआरसी (.bashrc) नावाची फाईल वाचते, आणि त्यात कुठे 'एक्झिट' (exit) लिहिलेलं असेल तर इमानदारीत बाहेर पडते. गंमत म्हणजे काळ्या स्क्रीनवरही तोच तमाशा होतो, कारण उबुंटूत लॉगिनच्या वेळची प्रोफाइल फाईल हीच फाईल पुन्हा वाचायला लावते. पासवर्ड बरोबर असूनही परत लॉगिन विचारलं की मुलं पासवर्डवर संशय घेतात.

मागच्या पावसाळ्यात तासगावच्या एका पोराचा फोन आला. "दादा, टर्मिनल उघडतंय आणि लगेच जातंय. फॉरमॅट मारू का?"

"थांब लेका. काल काय केलंस ते सांग आधी."

"काय नाय केलं."

हे उत्तर नेहमीचंच. त्याला फाईल मॅनेजर उघडून कंट्रोल-एच दाबायला लावलं. नाव टिंबाने सुरू होणाऱ्या फाईली एरवी लपलेल्या असतात, त्या दिसू लागल्या. बॅशआरसीचं नाव बदलून शेवटी 'जुनी' जोडायला सांगितलं. पुसायला नाही, फक्त नाव बदलायला. टर्मिनल लगेच उघडलं आणि थांबलं. रंग नव्हते, शॉर्टकट नव्हते, पण उघडलं. मूळ कोरी प्रत ईटीसी (etc) फोल्डरमधल्या स्केल (skel) फोल्डरात असते, तिथून ती होममध्ये आणवली.

मग जुनी फाईल एडिटरमध्ये उघडून तळापासून वाचायला लावली. आपण चिकटवलेल्या ओळी बहुतेक वेळा तळालाच असतात. तिथे सात-आठ ओळींची एक आख्खी स्क्रिप्ट होती, शेवटची ओळ एक्झिट.

"ही कुठून आली?"

"ग्रुपवर आलेली," तो म्हणाला. "बाकीच्यांनी पण टाकलीय."

अर्ध्या तासात त्याच्या वर्गातल्या आणखी तिघांचे फोन आले.