टबच्या ड्रेनमधून वास येतोय? आधी ट्रॅप बघा, मग व्हेंट

पुण्यात बाणेर-बालेवाडीकडे नवीन फ्लॅटमध्ये लोक हौसेने बाथटब बसवतात आणि मग पाणी टँकरचं म्हणून तो भरतच नाहीत, आणि एप्रिल-मे आला की बाथरूममध्ये गटाराचा वास. लगेच कोणीतरी सांगतं अॅसिड टाका. नका टाकू, कारण बऱ्याचदा घाण साचलेली नसतेच, पाणी संपलेलं असतं.

टबखाली पाइपला जो वाकडा भाग असतो तो ट्रॅप, त्यात साधारण ५० मिमी पाणी कायम उभं राहतं आणि तेवढंच पाणी तुमच्या आणि ड्रेनेज लाइनच्या मधे असतं. टब पडून राहिला की ते उडून जातं. तर पहिलं काम, दोन-तीन मग पाणी ओता आणि तासाभराने वास घ्या. गेला ना? मग दर आठवड्याला तेवढंच करत जा. मे महिन्यात गावाला जाणार असाल तर पाण्यानंतर दोन चमचे गोडेतेल ओता, तवंगामुळे पाणी हळू उडतं.

पण टब वापरात असून वास येत असेल तर प्रकरण वेगळं. टब गळ्यापर्यंत भरा, बूच काढा आणि कान शेजारच्या नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या जाळीखालचा ट्रॅप) आणि बेसिनकडे ठेवा. टब रिकामा होताना शेवटी त्याच्याच भोकात आवाज येतो तो चालतो, पण नहाणीत गुळगुळ झालं तर पाइपला हवा मिळत नाहीये आणि तो ती दुसऱ्या ट्रॅपमधून ओढतोय, सोबत पाणीही ओढून नेतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गचके खात पडतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते, ते दुसरं भोक म्हणजे व्हेंट. बिल्डिंगमध्ये हा पाइप डक्टमधून गच्चीवर जातो आणि वर टोपी म्हणजे काऊल असते. सोसायटीला विचारून गच्चीवर बघून या, काऊलमध्ये पारव्यांनी काड्या भरल्यात का, किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याने तोंडच बंद केलंय का (हे होतं हो!).

वर सगळं ठीक असेल तर टबखालचं काम बघा. ट्रॅपनंतर पाइप थोडा आडवा, हलक्या उतारात जायला हवा, लगेच सरळ खाली गेला तर टब स्वतःच स्वतःचा ट्रॅप ओढून कोरडा करतो. ओव्हरफ्लोचा, म्हणजे टबच्या वरच्या भोकाचा, पाइप ट्रॅपच्या आधीच जोडलेला हवा, नाहीतर वास वरच्या भोकातून येणार. आणि टबला पी ट्रॅप (तोच वाकडा भाग) लावून पुढे तो नहाणी ट्रॅपमध्ये सोडला असेल तर दोन ट्रॅपच्या मधे हवा अडकते, पाणी रेंगाळत जातं, आणि आपण केस अडकले म्हणून जाळी उचकटत बसतो. दोनपैकी एकच ठेवा.

व्हेंट लाइन काढणं शक्यच नसेल तर हवा आत घेणारा एकतर्फी व्हॉल्व्ह मिळतो, तो ट्रॅपपेक्षा वर आणि हात पोचेल असा बसवायचा. खालच्या मजल्यावर राहत असाल आणि वरून फ्लश झाल्यावर तुमच्या ट्रॅपमधून बुडबुडे बाहेर येत असतील तर मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे हवा ढकलली जातेय, मेन लाइनच बघावी लागेल, तो खर्च सोसायटीकडे मांडा.

टब नवीन बसवत असाल तर मिस्त्री सगळं टाइल लावून बंद करायच्या आत ट्रॅपसमोर एक उघडणारं झाकण ठेवायला सांगा, दिसायला बरं नाही म्हणून तो टाळेल, तरी ठेवाच.