अपूर्णांकांचा तास सगळ्या वर्गाचा करायचा तर

गणिताच्या तासाला बहुतेक वर्गांत पाच-सहाच हात वर होतात, तेही रोजचेच. बाकीची मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात. कारण साधं आहे: प्रश्न तोंडातून निघतो न निघतो तोच कुणीतरी उत्तर देऊन मोकळं होतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली.

खालचा तास पाचवीच्या ४० मुलांसाठी, ४० मिनिटांचा आहे. ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईच्या घणसोली-तुर्भ्यातल्या पालिका शाळेत तो पाठकोऱ्या कागदांवर भागतो.

अपूर्णांक दाखवायला कागदाच्या पट्ट्या कापा: २४ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंमी, म्हणजे एका कागदात सात पट्ट्या बसतात. जोडीला पाच: एक अख्खी, बाकीच्या २, ३, ४ आणि ६ भागांच्या. वीस जोड्यांना शंभर पट्ट्या, म्हणजे पंधरा कागद. २४च का? भाग १२, ८, ६ आणि ४ सेंमीवर नेमके पडतात. ३० घेतल्यास पाव भाग साडेसातवर जातो आणि तास मोजमापातच संपतो. तीन भागांची पट्टी नुसत्या घडीने करायला सांगू नका. मुलं अर्धी घडी घालतात, परत अर्धी घालतात आणि चार भाग होऊन बसतात. ८ आणि १६ सेंमीवर खूण करायला लावा. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत कागद लुळा पडतो, कडा जुळत नाहीत. तेव्हा कार्डशीट घ्या. ठेवायला लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं उत्तम.

जोड्या लावताना वर्गातला पहिला आणि शेवटचा एकत्र बसवण्याची चूक फार होते. मग एक करतो, दुसरा बघतो. मागच्या चाचणीच्या क्रमाने यादी करा (ती मुलांना दाखवू नका) आणि १ ला ११, २ ला १२, पुढे २१ ला ३१ अशी जोडी लावा. जोडीचं काम चालू असताना पेन्सिल एकच. एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, दर पाच मिनिटांनी अदलाबदल. मुलींकडे नेहमी सुबक लिहिण्याचं काम आणि मुलांकडे समजावण्याचं, ही वाटणी अशाने आपोआप मोडते.

आता प्रश्न: १/२ मोठा की १/३? आधी एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने वहीत लिहायचं, मग जोडीत बोलायचं. बरीच मुलं १/३ म्हणतील, कारण ३ हा २ पेक्षा मोठा. लगेच खोडू नका. पट्ट्या शेजारी ठेवू द्या. मग १/२ + १/३. हमखास येणारं उत्तर २/५: अंशात अंश मिळवला, छेदात छेद. इथे विचारा, "२/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" पाचाचं अर्धं अडीच, म्हणजे २/५ अर्ध्याहून कमी. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आलं! ही अडचण मुलांनाच सापडू द्या. छेद समान करायची गरज इथेच कळते. मग १२ आणि ८ सेंमीचे तुकडे एकापुढे एक ठेवा. सहाव्या भागाचे पाच तुकडे त्यांवर नेमके बसतात.

लवकर झालेल्यांना 'आणखी दहा गणितं' देऊ नका, ती शिक्षाच वाटते. वेगवेगळ्या छेदांचे तीन तुकडे घेऊन अख्खी पट्टी भरायला सांगा. १/२, १/३, १/६ सापडेपर्यंत ती गुंतून राहतात.

उत्तर कोण देणार ते हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठीने ठरवा आणि चिठ्ठी परत डब्यात टाका. बाजूला ठेवली की ज्याची पाळी झाली तो सुटला. अडलेल्या मुलाला "दोघांचं ऐक, मग परत तुझ्याकडे येते" असं सांगा आणि खरंच परत या. "इतकं तर सोपं आहे" हे वाक्य वर्गाबाहेर ठेवा.

शाब्दिक उदाहरणांत आणि आलेखांत 'घरात खोल्या किती', 'सुट्टीत कुठे गेलात' असली माहिती गोळा करू नका. झोपडीत किंवा खाणकामगारांच्या वस्तीत राहणारं मूल तिथेच मिटतं. शाळेच्या फाटकाबाहेर दहा मिनिटांत किती रिक्षा, किती टीएमटी वा एनएमएमटी (ठाणे आणि नवी मुंबई पालिकांच्या) बस गेल्या, ते मोजा. घरी हिंदी, बंजारा किंवा कन्नड बोलणाऱ्यांना संख्या सांगताना लिहूनही दाखवा. तेवीस ऐकून ३२ लिहिणाऱ्याचं गणित कच्चं असतंच असं नाही, त्याने ऐकलं त्या क्रमाने लिहिलेलं असतं. बालभारतीने २०१९च्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचन दिलं होतं. त्यावर वाद झाला, पण अडचण खरीच आहे.

शेवटची पाच मिनिटं लेखी चिठ्ठीची, प्रत्येकाने उत्तर लिहून द्यायचं: १/४ आणि १/६ पैकी मोठा कोणता आणि का? चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: कारणासह बरोबर, नुसतं बरोबर, चूक. दुसरा गठ्ठा सर्वांत फसवा, त्यातले काही निव्वळ अंदाजाने तरलेले असतात. दुसऱ्या दिवशीचा तास तिसऱ्या गठ्ठ्यातल्या एखाद्या रीतीपासून सुरू करा, नाव न घेता, आणि ही रीत कुठे अडते ते वर्गाला शोधू द्या.