सस्टेन पेडल उलटं चालत होतं, ते असं सुटलं

माझ्या मिडी कीबोर्डचं (कॉम्प्युटरला सुरांचे संदेश पाठवणारा कीबोर्ड) सस्टेन पेडल, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवायचं पेडल, चक्क उलटं चालायचं, म्हणजे पाय उचलला की सूर लांबत राहायचा आणि दाबला की तुटायचा. सॉफ्टवेअरमधली सगळी सेटिंग्ज धुंडाळली, काही नाही. मग कीबोर्डकडून येणारे संदेश दाखवणारा मिडी मॉनिटर उघडला (खरं तर कुठलीही कटकट असली की आधी हेच उघडावं), तर पेडल नुसतं पडून असताना सीसी ६४ ची (सस्टेन पेडलच्या संदेशाची) व्हॅल्यू १२७ आणि दाबल्यावर ०! ६४ पासून वर ऑन, ६३ पर्यंत ऑफ, म्हणजे केबलबिबल ठीक, फक्त पोलॅरिटी, म्हणजे स्विचची चालू-बंदची दिशा, उलटी.

काही पेडल्सचा स्विच नॉर्मली ओपन (न दाबता उघडा) असतो, काहींचा नॉर्मली क्लोज्ड (न दाबता जोडलेला), आणि बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडल ज्या स्थितीत असेल तिलाच न दाबलेलं समजतात. म्हणून कीबोर्ड बंद केला, पेडल लावलं, पाय लांब ठेवून चालू केला आणि झालं की काम! काही पेडल्सना खाली पोलॅरिटीचा छोटा स्विचही असतो, तो असेल तर प्रश्नच नाही.

लगे हात नॉबचंही बघितलं. सॉफ्टवेअरमधलं मिडी लर्न (सेटिंगला नॉब जोडायची सोय) दाबून नॉब फिरवला की फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारं सेटिंग) त्याला जोडला जातो, पण नॉब एकीकडे आणि स्क्रीनवरची व्हॅल्यू दुसरीकडे असली की आवाज टुणकन उडी मारतो, त्याला पिकअप मोड लावला, आता नॉब त्या व्हॅल्यूला पोचेपर्यंत गप्प राहतो. आणि हो, कीबोर्डचा प्रीसेट (सेटिंग्जचा संच) सेव्ह करा, नाहीतर बऱ्याच मॉडेल्समध्ये बंद केलं की सगळं पहिल्यासारखं.