ठाण्याच्या उकाड्यात लागरसाठी यीस्ट कसं निवडायचं

आधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बियर बनवता येत नाही, अगदी घरच्यापुरती पाच लिटर असली तरी १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, म्हणून राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे रीतसर चौकशी करून परवानगी असेल तरच पुढचं वाचून कामाला लागा.

आता यीस्ट. बहुतेक जण यीस्टचं नाव आधी ठरवतात आणि टेम्परेचर नंतर बघतात, माझ्या मते आपल्याकडे हे बरोबर उलटं करायला हवं. लागर म्हणजे थंडीत आंबवून थंडीतच मुरवलेली बियर. तिचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस पास्टोरियानस, हे संकरित आहे, एक आई-बाप नेहमीचं ब्रेडचं आणि एलचं (जास्त तापमानात आंबणाऱ्या बियरचं) यीस्ट आणि दुसरं थंडीत वाढणारं युबायानस, जे २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं जाहीर झालं. थंडीत काम करायची ताकद त्या दुसऱ्याकडून आली. घोडबंदरला किंवा कोपरखैरण्यात मे महिन्यात घरातच बत्तीस-तेहतीस अंश असतात, तिथे हे यीस्ट काम करतं पण फळांचे आणि सॉल्व्हंटसारखे वास सोडतं, आणि मग ती लागर राहत नाही.

पहिली पायरी, तुम्ही किती अंश सलग दोन आठवडे धरू शकता ते मोजा. थर्मामीटर भिंतीवर नाही, फर्मेंटरच्या (बियर आंबवायच्या भांड्याच्या) अंगाला चिकटवून वर कापडाची घडी लावा, कारण फर्मेंटेशन जोरात असताना आतलं वॉर्ट, म्हणजे ज्याची बियर होते ते माल्टचं गोड पाणी, खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम असतं. जुना सिंगल डोअर फ्रिज आणि बाहेरून लावायचा टेम्परेचर कंट्रोलर असेल तर बारा अंश आरामात मिळतात. नुसता एसी असेल तर पाण्याच्या टबात फर्मेंटर ठेवून गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहिलं की अठरा-वीसपर्यंत येतं, पण लाईट गेली की पंचाईत, तेव्हा जास्तीच्या बाटल्या फ्रीजरमध्ये हव्यातच.

मग आकड्यावरून यीस्ट. बारा ते पंधरा धरता येत असेल तर डोळे झाकून सॅफलागर डब्ल्यू-३४/७० घ्या, जर्मनीतल्या वाइहेनस्टेफानचा स्ट्रेन (वाण) आहे, जगभर वापरतात, चव स्वच्छ येते आणि अठरापर्यंत गेलं तरी बऱ्यापैकी सांभाळून घेतं. सॅफलागरचंच एस-१८९ पण छान, एस-२३ मात्र थोडं फळांकडे झुकतं, पहिल्या बॅचला मी सुचवणार नाही. पंधरा ते वीसमध्ये अडकला असाल तर लॅलमंडचं नोव्हालागर किंवा मॅन्ग्रोव्ह जॅक्सचं एम-५४ बघा. आणि फ्रिज नाही, एसी पण नाही, तर लागर यीस्टच्या मागे लागूच नका, ल्युट्रा नावाचं क्वाइक घ्या, नॉर्वेकडचं शेतघरातलं यीस्ट, तिशीतसुद्धा बऱ्यापैकी न्यूट्रल चव देतं. खरी लागर नव्हे ती, पण हलकी, कोरडी बियर होते आणि उकाड्यात जबरदस्तीने केलेल्या लागरपेक्षा कितीतरी चांगली लागते.

घेताना सुकं यीस्टच घ्या. लिक्विडचे प्रकार भरपूर आहेत पण पार्सल दुपारभर डिलिव्हरीच्या गाडीत तापलं की आतलं निम्मं यीस्ट कधी मेलं ते कळतही नाही. एक्सपायरी बघा, घरी आल्या आल्या फ्रिजमध्ये टाका.

मात्रेत कंजुषी नको. विरजण कमी पडलं की दही नीट लागत नाही, तसंच आहे हे, आणि थंडीत यीस्ट हळू वाढतं म्हणून एलच्या साधारण दुप्पट लागतं. २० लिटरला ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं, म्हणजे २३ ग्रॅम. आणि वॉर्ट खरंच गार झालेलं असू दे, उन्हाळ्यात आपल्या टाकीचं पाणीच एवढं गरम येतं की नुसत्या नळावर चिलर (वॉर्ट गार करायची गुंडाळलेली नळी) चालवून बारा-पंधरा अंश येणारच नाहीत, बर्फाच्या पाण्यातून फिरवा नाहीतर रात्रभर बंद फर्मेंटर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी यीस्ट टाका.

फर्मेंटेशन संपत आलं की सतरा-अठरापर्यंत चढवून दोन-तीन दिवस ठेवा, म्हणजे डायअसिटिल, तो बटरस्कॉचचा वास, यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. खात्री करायची असेल तर दोन ग्लासात थोडी बियर घ्या, एक झाकून गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्ही हुंगा. गरम केलेल्यात लोण्याचा वास आला तर अजून थांबा. दोन्ही सारख्या वाटल्या तर शून्य ते चार अंशावर तीन-चार आठवडे मुरू द्या. मधे सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरून ओतून देऊ नका, ते सल्फर आहे, बहुतेक वेळा थंडीत मुरताना जातं.

फर्मेंटरच्या तळाशी बसलेला यीस्टचा चिखल स्वच्छ बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभरात पुढच्या बॅचला चालतो, झाकण मात्र सैल ठेवा.