कोपऱ्यात चोरदिवा ठेवण्याआधी

संगणकावर बनवलेल्या खोलीला एकच खिडकी, बाहेर लख्ख ऊन, तरी ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रामच्या सायकल्समधलं (उजेडाचा हिशेब करून चित्र काढणारा त्याचा रेंडरर) रेंडर, म्हणजे तयार चित्र, बघावं तर कोपरे काळेकुट्ट. पूर्वी मी अशा वेळी सोफ्यामागे एक चोरदिवा ठेवायचो. कोपरा उजळायचा, पण सोफ्याची सावली खिडकीकडेच पडायची आणि सगळं सोंग उघडं पडायचं. आता मी आधी भिंतीचा रंग तपासतो.

हिशेब साधा आहे. भिंत ८० टक्के प्रकाश परतवत असेल, तर चार बाउन्सनंतरही, म्हणजे चारदा भिंतीवर आपटून परतल्यावरही, सुमारे ४१ टक्के उरतो. ५० टक्के परतवणारी असेल, तर जेमतेम ६. म्हणून लगेच रंगाच्या आकड्यात १.०, म्हणजे १०० टक्के, भरू नका! ताजं पडलेलं हिमसुद्धा सगळा प्रकाश परतवत नाही. मी पांढऱ्या भिंतीला ०.८ वर थांबतो. इथे एक खोडा आहे: आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) आकडे लिनिअर असतात, म्हणजे थेट उजेडाच्या प्रमाणात; फोटोतले तसे नसतात. फोटोतून उचललेला २०४ हा २५५ ने भागून ०.८ म्हणून भरलात तर चुकलात. त्याची खरी किंमत सुमारे ०.६ आहे.

भडक रंग तर फारच छळतात. लाल ०.८ आणि हिरवा-निळा ०.०५ ठेवलात, तर एका बाउन्सनंतर लाल बाकी दोघांच्या सोळापट होतो, दोन बाउन्सनंतर २५६ पट. छतावर गुलाल उधळल्यासारखं दिसतं. हिरवा-निळा थोडा वर घ्या.

मग मटेरियल ओव्हरराइड वापरून, म्हणजे सगळ्या वस्तूंवर तात्पुरतं एकच करडं मटेरियल चढवून, नुसता उजेड बघा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा खोलीत मिट्ट काळोख! खिडकीची काचही करडी झाली होती. तेवढ्यापुरती काच लपवा.

डिफ्यूज बाउन्स (भिंतीसारख्या मॅट पृष्ठभागांवरून उजेड किती वेळा परतू द्यायचा ते) सेटिंगमध्ये मुळात ४ असतात. घराच्या आतल्या दृश्याला मी ८ करतो. खिडकीच्या मापाचा एरिया लाइट (सपाट चौकोनी दिवा) खिडकीत लावून त्याचा पोर्टल हा पर्याय चालू करा, म्हणजे आकाशाचा उजेड कुठून येतो हे रेंडररला कळतं. नॉइज, म्हणजे चित्रातले रवाळ ठिपके, निम्मा करायचा तर सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) चौपट लागतात, त्यामुळे इनडायरेक्ट क्लॅम्प, म्हणजे परतून आलेल्या उजेडाची कमाल मर्यादा, कमी करायचा मोह होतोच. पण तो फार खाली नेला की परतून आलेला उजेडच छाटला जातो आणि कोपरे पुन्हा काळवंडतात.

इतकं करूनही अंधारच असेल, तर एक्सपोजर, म्हणजे सगळ्या चित्राचा उजळपणा, १ ने वाढवा. उजेड दुप्पट होईल, सावल्या जागच्या हलणार नाहीत.