तोदोस सांतोसची घोडदौड पाहायला जाताना

पहिली गोष्ट: कोण जिंकलं, हे विचारू नका. इथे कुणीच जिंकत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लहानाची मोठी झाल्यामुळे माझी नजर आधी घोड्याच्या चालीवर जाते. इथे मात्र स्वाराकडे बघायचं.

तोदोस सांतोस कुचुमातान हे मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालातलं, माया वंशातल्या माम लोकांचं गाव, साधारण 2500 मीटर उंचीवर. दौड 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या ख्रिस्ती सणाच्या दिवशी असते. वेवेतेनांगो शहरातून बस मिळते. घाट चढून पठारावर आलात की थंडी झोंबते, तेव्हा स्वेटर हाताशीच ठेवा. राहायच्या जागा मोजक्या आहेत, म्हणून 30 ऑक्टोबरलाच पोहोचा. म्हणजे दौडीच्या आदल्या रात्रीचा, मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावरचा नाचही चुकणार नाही. स्वार ती रात्र पीत, नाचत जागून काढतात आणि सकाळी तसेच घोड्यावर बसतात.

गावाच्या कडेला मातीचा आखूड रस्ता आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दौडायचं, तिथे घोटभर दारू घ्यायची, घोडा वळवायचा, पुन्हा दौडायचं. जेवणाची सुट्टी सोडली तर दिवसभर हेच. तुम्ही टोकाजवळ उभे राहा, पण कुंपणाच्या बाहेरच. खरा कस तिथे लागतो: लाल पट्ट्यांची विजार, टोपीवर पिसं आणि फिती, लगाम सोडून दोन्ही हात पसरलेले, आणि खोगिरावरून एका बाजूला कलत चाललेलं अंग. दुपारनंतर बरेच जण पडतात. या दौडीत माणसं दगावलीही आहेत. म्हणून कुणी पडला की हसू नका, टाळ्या वाजवू नका. भाड्याचा घोडा, नवे कपडे, पाहुणचार, यासाठी घरच्यांनी मोठा खर्च केलेला असतो. त्यांच्या दृष्टीने हा मानाचा दिवस आहे.

फोटो विचारूनच काढा, मुलांचे तर आई-वडिलांनी हो म्हटल्याशिवाय नाहीच. एप्रिल 2000 मध्ये मुलं पळवणारे आल्याच्या अफवेतून इथे जमावाने एका जपानी पर्यटकाला आणि एका बसचालकाला ठार केलं. ती भीती समजून घेऊन वागा.

परतीची घाई नको. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सगळं गाव दफनभूमीत जमतं, मारिंबाही तिथेच वाजतो. फुलं घेऊन जा, कॅमेरा पिशवीत राहू द्या.