पाय लांबवायचं ऑपरेशन ठरलंय? आधी पोटरीकडे बघा

लहानपणी हाडात जंतुसंसर्ग झाला आणि माझी उजवी नडगी चार सेंटिमीटर आखूड राहिली. इलिझारोव्ह रिंग, म्हणजे पायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडलेली धातूची कडी, लावून ती लांबवायचं ठरलं तेव्हा हाताशी तीन महिने होते. मी जोर लावून उठाबशा सुरू केल्या. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र आधी घोटा तपासला.

कारण असं. हाड कापून रोज एक मिलिमीटर, तेही पाव-पाव करून चार वेळा, सरकवतात. फटीत नवं हाड भरतं, पण पोटरी तेवढी सहज लांबत नाही. ती आवळते, टाच वर ओढली जाते, गुडघाही वाकलेला राहू लागतो. आखूड पायावर आपण वर्षानुवर्षं चवड्यावर चालतो, त्यामुळे ती आधीच आखडलेली असते.

घरी असं मोजा. भिंतीसमोर उभं राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकतोय तोवर पाऊल मागे घेत जा. माझा डावा अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर गेला, उजवा जेमतेम चारवर. शहाबादी फरशीवर मी खडूने रेघ मारली. तीन महिन्यांत ती सातवर सरकली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

ताण रोज सकाळ-संध्याकाळ द्या: भिंतीला हात टेकून, पाय मागे, टाच जमिनीवर, तीस सेकंद, तीन वेळा. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा वाकवून. पोटरीत दोन स्नायू आहेत, दोघांनाही ताण बसला पाहिजे.

ताकदीसाठी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, पाच सेकंद धरा, दहा वेळा. मग पाय ताठ ठेवून वीतभर उचला. पुढे रिंगसकट पलंगावर हेच करायचं असतं. मांडीचं हाड लांबवणार असाल तर गुडघा पूर्ण वाकण्यावर जास्त मेहनत घ्या. सांध्यात कळ आली तर थांबा आणि दाखवा.

हातही तयार ठेवा. कुबड्या आधीच आणून जिना शिका: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय आधी. तंबाखू, सिगारेट आजच बंद; त्याने हाड भरायला उशीर होतो.

आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा. रिंग लागल्यावर तिथे उशी घ्यायचा फार मोह होतो, आणि गुडघा तसाच वाकलेला आखडतो.